जावयाची गाडी, सासऱ्यांचा अपघात

प्रश्न

मुलुंडचे एक वाचक, वय ६४, खाजगी कंपनीतून निवृत्त. पत्नीसह पाच महिने लेकीकडे कॅलिफोर्नियात राहून आले. मुंबईत उभा जन्म गाडी चालवलेली, त्यामुळे तिथेही जावयाची गाडी घेऊन भाजी-दूध आणायला, देवळात जायला बाहेर पडत. एका दुपारी सिग्नल हिरवा दिसला म्हणून डावीकडे वळले आणि समोरून सरळ येणारी गाडी त्यांच्या गाडीच्या उजव्या दारावर आदळली. त्या गाडीतल्या बाई उतरल्या, ‘आय ॲम ओके’ म्हणाल्या. हे पुन्हा पुन्हा ‘सॉरी, माय मिस्टेक’ म्हणत राहिले. पोलीस आला, माहिती घेतली, एका कागदावर यांची सही घेतली.

मुंबईला परतून दीड महिना झाला. आता लेकीच्या पत्त्यावर त्या बाईंच्या वकिलाचं पत्र आलं आहे: मानेला आणि पाठीला दुखापत, उपचार चालू आहेत, विम्याचा तपशील कळवावा. साडूंचं म्हणणं, ‘तू भारतात आहेस, अमेरिका काय वाकडं करणार? फारच झालं तर गाडी मुलगी चालवत होती म्हणून सांगा, तिचं लायसन्स तिकडचं आहे.’ पत्नीचं म्हणणं, एफडी मोडू, दहा हजार डॉलर पाठवू आणि विषय संपवू. वाचक लिहितात, ‘जावयाशी फोनवर बोलायचीही लाज वाटते.’ मार्चमध्ये लेकीचं बाळंतपण आहे, तेव्हा पुन्हा जायचं आहे आणि विमानतळावर अडवतील का ही धास्ती आहे. पत्राच्या अगदी शेवटी जाता जाता एक ओळ आहे: ‘पोलिसाने दिलेला तो कागद पासपोर्टच्या पाकिटात तसाच आहे. त्याचं काही करायचं असतं का?’

उत्तर

नमस्कार. तुमची शेवटची ओळ मी आधी घेते. बाकी सगळ्याला थोडा वेळ आहे, तिला नाही.

पाकिटातला तो कागद म्हणजे ट्रॅफिकचं तिकीट. आत्ता बाहेर काढा आणि खालच्या भागात बघा. कोर्टाचं नाव असेल, एक तारीख असेल. तुमच्या सहीजवळ बारीक अक्षरात एक वाक्य छापलेलं असेल: गुन्हा कबूल न करता मी अमुक तारखेपर्यंत हजर राहण्याचं वचन देतो. म्हणजे सही करून तुम्ही चूक मान्य केलेली नाही, पण वचन मात्र दिलेलं आहे. कॅलिफोर्नियात मूळ चुकीपेक्षा ते वचन मोडणं जास्त महागात पडतं. समोरच्या गाडीला वाट न देणं ही तिथे नुसती दंडाची बाब. तारीख उलटू देऊन काहीच न करणं हा मात्र वेगळा फौजदारी गुन्हा होतो, आणि त्यावर वॉरंटही निघू शकतं. आपल्याकडे ई-चलान साचू द्यायची आणि लोकअदालत लागली की सवलतीत भरून टाकायची, अशी कितीतरी मुंबईकरांची पद्धत आहे. ती तिथे चालत नाही.

त्यासाठी तुम्हाला तिकडे जावं लागणार नाही. दंड ऑनलाइन भरता येतो. चूक मान्य नसेल तर लेखी जबाब पाठवून, कोर्टात न जाता निकाल मागण्याची सोय कॅलिफोर्नियात आहे. तिथला एखादा वकील तुमच्या वतीने उभा राहू शकतो. तारीख गेली असली तरी हातपाय गाळू नका. कोर्टाच्या वेबसाइटवर तिकिटाचा नंबर टाकून आज काय स्थिती आहे ते पाहा. फक्त पैसे भरण्याआधी विमा कंपनीशी एकदा बोला, कारण तिकिटात तुम्ही गुन्हा कबूल केलात तर ती कबुली भरपाईच्या दाव्यात तुमच्यासमोर ठेवली जाऊ शकते. हे बोलणं या आठवड्यात व्हायला हवं.

व्हिसाची तुमची धास्ती खरं तर या कागदाशी बांधलेली आहे, वकिलाच्या पत्राशी नाही. व्हिसाच्या अर्जात अटक झाली होती का, गुन्हा शाबित झाला होता का, असं विचारतात. कोणी तुमच्याकडे भरपाई मागितली आहे, ही दिवाणी बाब. मानदुखीचा दावा चालू आहे म्हणून नातवंडाला बघायला निघालेल्या आजोबांना कोणी परत पाठवत नाही. न मिटवलेल्या तिकिटावर वॉरंट निघालेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

आता साडू. त्यांचा पहिला सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि अर्धे बरोबर सल्लेच माणसाला गोत्यात आणतात. अमेरिकेतल्या कोर्टाचा हुकूमनामा आणून मुंबईत थेट वसुली करता येत नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली काही देशांच्या कोर्टांचे हुकूमनामे इथल्या कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखेच राबवता येतात. ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँग, न्यूझीलंड त्यात आहेत, २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीही आहे. अमेरिका नाही. तिथे जिंकलेल्या माणसाला इथे तीन वर्षांच्या आत नवा दावा लावावा लागतो आणि परदेशी निकाल केव्हा मानायचा नाही हे सांगणाऱ्या, त्याच संहितेतल्या कलम १३ च्या कसोट्यांतून जावं लागतं. प्रतिवादी हजर नव्हता म्हणून पुरावा न तपासताच दिलेला निकाल त्या कसोटीत टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितलं आहे. नोटिशीचंही तसंच. परदेशी कोर्टाचे कागद नुसते कुरिअरने पाठवणं भारताने मान्य केलेलं नाही, ते केंद्राच्या विधी मंत्रालयामार्फत यावे लागतात. मानेच्या दुखण्यासाठी एवढा द्राविडी प्राणायाम करून कोणी मुलुंडच्या पेन्शनरामागे लागेल, असं मलाही वाटत नाही.

पण साडूंनी हिशोबात एक माणूस धरलेलाच नाही. गाडी जावयाच्या नावावर आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मालकाने परवानगी देऊन गाडी चालवू दिली असेल तर चालकाच्या निष्काळजीपणाची जबाबदारी, ठरावीक रकमेपर्यंत, मालकावरही येते. तुम्ही गप्प बसलात तर त्या बाईंचा वकील मुलुंडला येणार नाही हे खरं. तो दोन गल्ल्या पलीकडे तुमच्या जावयाकडे जाईल. त्याचं घर तिथे, पगार तिथे, बँकेतलं खातं तिथे. शिवाय परदेशी माणसाने तिथला रस्ता वापरला की दाव्याची नोटीस घेण्यासाठी त्याने तिथल्या मोटर वाहन खात्याच्या प्रमुखाला आपला प्रतिनिधी नेमलं असं समजण्याची तरतूद त्या राज्यात आहे. तुमच्या गैरहजेरीत निकाल लागला तर तो तिथे १० वर्षं जिवंत राहतो, पुढे वाढवताही येतो, आणि व्याज चढत राहतं. बाळंतपणाला, बारशाला, नातवंडाच्या मुंजीला तुम्हाला त्याच राज्यात उतरायचं आहे ना? (असा सल्ला देणाऱ्याची एक सोय असते, त्यात त्याच्या पदरचं काहीच जात नाही.)

साडूंचा दुसरा सल्ला मात्र डोक्यातूनच काढून टाका. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसाच्या अहवालात आहे, तिकीट तुमच्या नावाचं आहे, समोरच्या बाईंनी तुम्हाला पाहिलं आहे. खोटं टिकणार नाहीच. पण टिकलं असतं तरी विमा कंपनीला जाणूनबुजून खोटं सांगणं हा तिथे विमा फसवणुकीचा फौजदारी गुन्हा आहे, आणि तो तुमच्या लेकीच्या तोंडून घडवायचा बेत आहे. परदेशी नागरिकावर फसवणुकीचा गुन्हा शाबित होणं म्हणजे तिचं तिथलं राहणं, ग्रीन कार्ड, सगळंच टांगणीला लागणं. दाराचा पत्रा वाचवायला घर जाळण्यातला प्रकार.

ही सूचना साडूंनी फोनवर केली की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिली? ग्रुपवर असेल, तर आता ती पुसूही नका. विचित्र वाटेल, पण दावा उभा राहिला तर दोन्ही बाजूंना एकमेकांचे संदेश, फोटो मागता येतात, आणि वाद होणार हे माहीत असताना पुसलेला मजकूर ठेवलेल्या मजकुरापेक्षा जास्त बोलतो. त्या दिवशी चेपलेल्या दाराचा फोटो तुम्ही ग्रुपवर टाकला असणार, खाली काहीतरी ओळही लिहिली असणार. राहू द्या. आजपासून मात्र या विषयावर तिथे एक अक्षर नको, आणि साडूंनाही फोन करून तेवढंच सांगा.

वहिनींचं म्हणणं मला जास्त जवळचं वाटतं, कारण त्यामागे पळून जाण्याची वृत्ती नाही. आपल्याकडे एलबीएस रोडवर दोन गाड्या घासल्या की चार माणसं जमतात, कोणीतरी मध्यस्थ होतो, दोन-तीन हजार हातावर ठेवले की प्रकरण तिथेच मिटतं. कोणी पावती घेत नाही. तोच हिशोब वहिनी कॅलिफोर्नियाला लावू पाहतायत. तिथे तो उलटतो. तिथल्या वाहन विम्यात, कंपनीला न विचारता विमाधारकाने समोरच्याला पैसे देऊ नयेत, अशी अट सर्रास असते. ती मोडली की कंपनीला हात झटकायला कारण मिळतं. आणि दहा हजार डॉलरने विषय संपतही नाही. त्या बाईंच्या उपचाराचा खर्च त्यांच्या आरोग्य विम्याने केला असेल तर ती कंपनी वेगळी वसुली मागू शकते. प्रकरण संपतं ते ‘रिलीज’ नावाच्या, म्हणजे आता आणखी काही मागणार नाही असं लिहून देण्याच्या कागदावर त्या बाईंची सही झाली म्हणजे, आणि तो कागद विमा कंपनी करून घेते. तो होईल तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: त्यात मालक म्हणून जावयाचं नाव असेलच, चालक म्हणून तुमचंही हवं.

आता ‘माझीच चूक होती’ या तुमच्या वाक्याकडे येऊ. पत्रात ते तुम्ही तीनदा लिहिलं आहे. हिरव्या दिव्यावर डावीकडे वळताना बाण नसेल तर समोरून येणाऱ्याला वाट द्यायची, हा तिथला नियम. आपला उजवा वळसा तिथे डावीकडे होतो आणि नेमका तिथेच भारतीय चालकाचा अंदाज फसतो. तेव्हा चूक झाली असेल, बहुधा झालीच असेल. पण किती झाली, हे ठरवणं तुमच्याकडे नाही. १९७५ पासून कॅलिफोर्नियात दोष वाटून घेण्याची पद्धत आहे. समोरची गाडी वेगात होती का, चालकाचं लक्ष फोनवर होतं का, दिवा पिवळा झाल्यावर ती आत आली का, हे सगळं पाहून टक्केवारी ठरते आणि भरपाई तेवढ्या प्रमाणात कमी होते. तुम्ही शंभर टक्के अंगावर घेऊन मोकळे झालात, तर मधल्या मध्ये भुर्दंड तुमच्याबरोबर जावयाला पडतो.

त्या दिवशीच्या ‘सॉरी’ची काळजी करू नका. अपघातानंतर व्यक्त केलेली सहानुभूती दोषाचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असं तिथल्या पुरावा कायद्याच्या कलम ११६० मध्ये स्पष्ट आहे. ‘माय मिस्टेक’ला मात्र ते संरक्षण नाही. बोलून गेलात ते गेलात, कंपनीच्या माणसाने विचारलं तर मी असं म्हणालो होतो हे सांगून टाका. लपवलेलं वाक्य दुसऱ्या बाजूने आलं की जास्त बोचतं.

त्या बाई ढोंग करत असतील, ‘ओके’ म्हणाल्या आणि मग वकील गाठला, असा सूर तुमच्या पत्रात कुठेकुठे डोकावतो. असेलही. पण मानेचा झटका त्या क्षणी जाणवत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान वळत नाही, हे लोकलच्या गर्दीत हिसका बसलेल्या कोणालाही विचारा. तिकडे उपचार महाग. जखमी माणसाचा वकील साधारणपणे आधी फी घेत नाही, मिळालेल्या रकमेचा बहुधा तिसरा हिस्सा घेतो. त्यामुळे वकील करणं हा तिथे वैराचा भाग नाही, नित्याचा भाग आहे. आलेल्या पत्राची भाषा कडक आहे, कारण तो छापील मजकूर आहे. त्या बाईंचा नंबर तुमच्याकडे आहे आणि विचारपूस करायचा मोह होतोय, असं तुम्ही लिहिलंय. भावना चांगली आहे. पण फोन करू नका. वकील नेमलेल्या माणसाशी परस्पर बोलणं तुमच्या बाजूने साधं असलं, तरी त्यांच्या बाजूने ते दबाव टाकल्यासारखं दिसेल.

मग करायचं काय? जावयाने अपघाताची खबर विमा कंपनीला दिली होती का, हे आधी विचारा. पत्रात त्याचा उल्लेख नाही. दिली नसेल तर आज द्यायला सांगा, आणि वकिलाचं पत्र त्यासोबत जसंच्या तसं पाठवायला सांगा. उत्तर तुम्ही लिहायचं नाही, लेकीनेही नाही. दाव्याला उत्तर देणं, गरज पडली तर स्वखर्चाने वकील नेमणं, तडजोड करणं, हे सगळं कंपनीचं काम. त्यासाठीच जावई हप्ते भरत आला आहे. अमेरिकेत विमा साधारणपणे गाडीबरोबर चालतो, त्यामुळे मालकाच्या परवानगीने गाडी चालवणारा पाहुणाही त्यात येतो.

इथे दोन अडचणी निघू शकतात, त्या आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या. पाच महिने राहून तुम्ही गाडी वरचेवर वापरत होता, तर काही पॉलिसींत तुम्ही पाहुणे की घरातलेच चालक, असा प्रश्न येतो, आणि घरातल्या चालकाचं नाव आधी नोंदवायला हवं असतं. कॅलिफोर्नियात काही कंपन्या परवानगीच्या चालकासाठी संरक्षणाची रक्कम कायद्याने ठरलेल्या किमान रकमेवरही आणतात. ती किमान रक्कम १ जानेवारी २०२५ पासून एका माणसाच्या इजेसाठी ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ६० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५ हजार अशी आहे. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्यात माणसाच्या इजेला किंवा मृत्यूला रकमेची मर्यादा नसते, त्यामुळे विमा आहे म्हणजे सगळं आलं, असं आपण गृहीत धरतो. तिकडे मर्यादेच्या वरची रक्कम खिशातून जाऊ शकते. म्हणून जावयाला पॉलिसीचं पहिलं पान बघायला सांगा, आणि ‘अंब्रेला’ नावाची, मूळ विम्याची मर्यादा संपल्यावर कामी येणारी वरची पॉलिसी त्याने घेतली आहे का तेही. घर असलेले बरेच लोक ती घेतात आणि विसरून जातात. मागणी मर्यादेच्या आत असेल आणि वाजवी असेल, तर ती विनाकारण धुडकावणं कंपनीलाच महाग पडू शकतं, एवढा धाक तिथल्या कोर्टांनी कंपन्यांवर ठेवलेला आहे.

कंपनीचा ॲडजस्टर, म्हणजे दाव्याची चौकशी करणारा माणूस, तुमचा जबाब फोनवर रेकॉर्ड करेल. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. रात्री नऊ-साडेनऊची वेळ मागून घ्या, पहाटे अर्धवट झोपेत बोलू नका. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर दुभाष्या मागा, त्यात कमीपणा नाही. वेग किती होता, अंतर किती होतं, हे नक्की माहीत नसेल तर ‘आठवत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. जावयाची गाडी रोज वापरत होतात की कधीमधी, हे विचारलं तर खरं तेच सांगा. ‘कधीमधी’ म्हणणं सोयीचं वाटेल, पण टोलच्या आणि पार्किंगच्या नोंदी बोलतात.

अजून एक कागद राहिला. कॅलिफोर्नियात कोणाला इजा झाली असेल किंवा १,००० डॉलरपेक्षा जास्त नुकसान असेल, तर चूक कोणाचीही असो, चालकाने १० दिवसांत मोटर वाहन खात्याकडे ‘एसआर-१’ नावाचा फॉर्म भरायचा असतो. पोलीस आला होता म्हणून तो माफ होत नाही. विमा कंपनीने तुमच्या वतीने भरला का, ते विचारा. नसेल तर उशिरा का होईना, भरा.

आणि तुमचं भारतातलं लायसन्स बघा. पंचावन्न ओलांडल्यावर त्याची मुदत पाच-पाच वर्षांचीच असते. वैध परदेशी लायसन्सवर पर्यटक कॅलिफोर्नियात गाडी चालवू शकतो, पण अपघाताच्या दिवशी ते वैध होतं ना? कंपनी हे विचारणारच. दोन्ही बाजूंची प्रत तयार ठेवा.

जावयाबद्दल. तुम्ही त्याच्याशी बोलत नाही आहात, त्याचा अर्थ तो काय घेत असेल? बहुतेक असा, की सासरे परत गेले आणि निस्तरायचं आपल्याला. तुमची लाज त्याला दिसत नाही, तुमचा न येणारा फोन दिसतो. लेकीला मध्ये घालून निरोप पाठवू नका, तिच्यावर आत्ता तो भार नको. त्याला स्वतः फोन करा आणि माफीच्या लांबलचक भाषणाऐवजी कामाचं बोला: तिकीट मी निकालात काढतोय, कंपनीला जबाब द्यायला मी मोकळा आहे, कागद काय हवेत ते सांग. पैसे द्यायचेच असतील तर जागा ही आहे. त्याच्या गाडीच्या दुरुस्तीत पॉलिसीप्रमाणे पहिली काही रक्कम त्याच्या खिशातून गेली असेल, पुढच्या वर्षी हप्ताही वाढेल. तेवढं मी देणार, असं सांगा. तो ‘छे छे बाबा, काय बोलताय’ म्हणेल. दुसऱ्यांदा सांगा. वहिनींची एफडी मोडायची गरज बहुधा पडणार नाही.

हे पत्र वाचून सुट्टीत परदेशी गाडी चालवायचा बेत आखणारे बरेच जण असतील, त्यांच्यासाठी थोडं. गाडी भाड्याची असेल तर तुमच्यामागे कोणाचाही विमा उभा असेल असं धरू नका. अमेरिकेत २००५ च्या केंद्रीय कायद्यानुसार गाडी भाड्याने देणारी कंपनी निव्वळ मालक आहे म्हणून भाडेकरूच्या चुकीला जबाबदार धरली जात नाही. काउंटरवर ‘सगळं कव्हर’ म्हणून जे विकतात, ते पुष्कळदा फक्त त्यांच्या गाडीच्या नुकसानीपुरतं असतं. समोरच्या माणसाची इजा त्यात येत नाही, तिच्यासाठी वेगळं लायबिलिटी कव्हर घ्यावं लागतं. मुंबईत एजंटाकडून घेतलेल्या प्रवास विम्यात ‘पर्सनल लायबिलिटी’ असा रकाना बघून निर्धास्त होऊ नका, वाहन चालवताना झालेलं नुकसान त्यातून सहसा वगळलेलं असतं. पॉलिसीतलं अपवादांचं पान वाचा.

देश बदलला की सगळंच बदलतं. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघातातल्या इजेचा खर्च सरकारी योजना उचलते, पर्यटकाचाही, आणि जखमी माणूस त्या इजेच्या भरपाईसाठी चालकावर दावा लावू शकत नाही. म्हणून निर्धास्त व्हावं, तर निष्काळजीपणाने इजा केल्याचा फौजदारी खटला होतोच आणि कोर्ट भरपाईचा आदेशही देऊ शकतं. दुबईत तर इजा झाली की प्रकरण थेट पोलिसांकडे, निकाल लागेपर्यंत देश सोडता येईलच असं नाही, आणि कोणी दगावलं तर २ लाख दिरहमची ‘दिया’, म्हणजे मृताच्या वारसांना द्यायची रक्कम. साडूंचा ‘इकडे आलो की सुटलो’ हा सिद्धांत दुबईच्या बाबतीत वर सांगितलेल्या कलम ४४अ मुळे इथेही लंगडा पडतो. जाण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढाच. १,००० रुपयांचं काम आहे, वर्षभर चालतो.

मार्चमध्ये तिकडे गेल्यावर गाडी चालवावी की नाही, हेही तुम्ही विचारलंय. घरात तान्हं बाळ असताना रात्री-अपरात्री औषध आणायला दुसरा चालक लागतो, त्यामुळे ‘नका चालवू’ असं मी म्हणणार नाही. जावयाला पॉलिसीत तुमचं नाव चालक म्हणून घालता येतं का ते फेब्रुवारीतच विचारून ठेवायला सांगा, हप्ता वाढला तर तो तुम्ही भरा. आणि पहिले आठ दिवस डावीकडे वळायचं असेल तर बाण असलेल्याच सिग्नलवर वळा. दोन चौक लांबून जावं लागलं तरी चालेल.